शरीरात बसवलेल्या यंत्राची मालकी कोणाची?

१९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘फ्रीहँड’ नावाच्या एका उपकरणास विक्रीची परवानगी दिली. मानेतील मेरुरज्जूला इजा झाल्यामुळे ज्यांच्या हातांची बोटे निकामी झाली आहेत, परंतु ज्यांचा खांदा हलतो आणि कोपर वाकते, अशा रुग्णांसाठी ते होते. छातीच्या कातडीखाली बसवलेली एक लहानशी डबी, तिच्यापासून हाताच्या स्नायूंपर्यंत नेलेल्या आठ तारा आणि विरुद्ध बाजूच्या खांद्यावर लावलेला एक संवेदक, अशी त्याची रचना होती. खांदा किंचित पुढेमागे केला की निर्जीव बोटे मिटत किंवा उघडत. तेवढ्या पकडीच्या बळावर माणूस स्वतःच्या हाताने घास घेई, पेन धरी, टेलिफोन उचली. चारच वर्षांनी, २००१ साली, ते बनवणाऱ्या कंपनीने हे उत्पादन बंद केले. उपकरण कुचकामी ठरले म्हणून नव्हे, तर त्याची बाजारपेठ फार लहान आहे म्हणून. तोवर दोनशेहून अधिक माणसांच्या शरीरात ते बसवले गेले होते.

एखाद्या कारखान्याने सायकलीचे एक मॉडेल बनवणे बंद केले, तर गिऱ्हाईक दुसऱ्या कारखान्याची सायकल घेते. येथे गिऱ्हाइकाच्या छातीत डबी आहे आणि स्नायूंत तारा आहेत. शरीराबाहेरचे भाग झिजतात, तुटतात. ते दुसरा कोणी बनवीत नाही. अपघाताने गेलेला हात विज्ञानाने परत दिला आणि ताळेबंदाने तो पुन्हा धोक्यात आणला, असा हा प्रकार आहे. त्यामुळे इजा झालेल्या मज्जासंस्थेला विजेच्या साहाय्याने पुन्हा कार्यक्षम करण्याचे तंत्र हा केवळ डॉक्टरांचा आणि अभियंत्यांचा विषय राहत नाही. मालकी कोणाची आणि जबाबदारी कोणाची, हा समाजवादाचा जुनाच प्रश्न येथे माणसाच्या कातडीखाली जाऊन उभा राहिला आहे.

या तंत्रामागचे शास्त्र समजण्यास कठीण नाही. बोलोन्याच्या गॅल्व्हानीने बेडकाच्या पायावर केलेले प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून प्राणिशरीराचा विजेशी असलेला संबंध जगाला माहीत आहे. मेंदूचा हुकूम मेरुरज्जूतून आणि तेथून निघणाऱ्या मज्जातंतूंतून सूक्ष्म विद्युत्स्पंदांच्या रूपाने स्नायूपर्यंत पोहोचतो. मेरुरज्जूला इजा झाली की वरचा हुकूम खाली पोहोचत नाही. परंतु इजेच्या खालचे मज्जातंतू पुष्कळदा जिवंत असतात. त्यांना बाहेरून वीज दिली की स्नायू आकुंचन पावतो. १९६१ साली लिबरसन या वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी अर्धांगवायूने पाऊल लोंबणाऱ्या रुग्णांसाठी याच तत्त्वावर एक साधे यंत्र प्रसिद्ध केले. बुटाच्या टाचेखाली एक बटण, कमरेला एक पेटी आणि गुडघ्याजवळच्या मज्जातंतूवर विद्युदग्र. टाच उचलली की वीज वाहते आणि पाऊल वर येते. लंडनमध्ये ब्रिंडली यांनी १९७० च्या दशकात मूत्राशयाच्या मज्जातंतूंना वीज देण्याचे उपकरण सिद्ध केले. अधरांगवायू झालेल्या रुग्णांचा जीव पूर्वी बहुधा मूत्रपिंडाच्या विकाराने जाई, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे महत्त्व कळते.

या तंत्राच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत, कारण आशेचा व्यापार करणारे सर्वत्र असतात. जेथे स्नायूकडे जाणारा मज्जातंतूच मेलेला आहे, तेथे या पद्धतीने हालचाल मिळत नाही. पोलिओने लुळ्या पडलेल्या पायाला याच कारणाने तिचा उपयोग नाही. विजेने चाळवलेला स्नायू नैसर्गिक हालचालीपेक्षा फार लवकर थकतो, कारण निसर्ग लहान तंतूंपासून सुरुवात करतो आणि बाहेरची वीज आधी मोठ्या तंतूंना जागे करते. ‘करंट लावून’ पाय चालता करून देतो, असे सांगत पैसे उकळणाऱ्यांपासून रुग्णाला वाचवायचे असेल, तर या गोष्टी कार्यकर्त्यांना ठाऊक असल्या पाहिजेत.

गेल्या दीड दशकात या क्षेत्रात मोठी पावले पडली. अमेरिकेतील लुइव्हिल येथील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, मूळ वेदनाशमनासाठी बनवलेले उपकरण मेरुरज्जूच्या आवरणावर बसवून दीर्घ सराव दिला, तर पूर्णतः हतबल मानलेला रुग्ण उपकरण चालू असताना उभा राहू शकतो. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे कूर्टीन आणि ब्लोख यांच्या गटाने २०१८ साली काही रुग्णांना आधाराने चालवून दाखवले आणि २०२३ साली मेंदूतील संकेत थेट मेरुरज्जूवरील उपकरणाला पोहोचवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच संशोधनातून निघालेल्या कंपनीच्या, शस्त्रक्रिया न लागणाऱ्या व हाताच्या कार्यासाठी असलेल्या उपकरणाला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याच्या चाचणीत ६० रुग्ण होते आणि त्यांपैकी ७२ टक्के रुग्णांच्या हाताची शक्ती व कार्य या दोन्हींत सुधारणा आढळली. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, हेही नोंदवले पाहिजे.

या सर्व प्रयोगांत एक समान सूत्र आहे, आणि वृत्तपत्रांतील छायाचित्रांत ते दिसत नाही. एकट्या यंत्राने कोणालाही उभे केलेले नाही. प्रत्येक वेळी यंत्राबरोबर महिनोन्महिने भौतिकोपचार होता. रुग्णाचे अवयव धरून, हलवून, पुन्हा पुन्हा तीच हालचाल करवून घेणारी माणसे होती. वीज मज्जासंस्थेला सज्ज करते; शिकवण्याचे काम माणसाचे श्रम करतात. भांडवल यंत्र विकते, कारण यंत्रावर पेटंट घेता येते. भौतिकोपचार करणाऱ्याच्या श्रमावर पेटंट नसते, म्हणून त्याची जाहिरात कोणी करीत नाही. आणखी एक गोष्ट. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत मेरुरज्जूला इजा झालेल्या ६८१ व्यक्तींना विचारण्यात आले की, कोणती शक्ती परत मिळाली तर आयुष्य सर्वांत अधिक सुधारेल. चारही अवयव गेलेल्यांनी हाताचे कार्य प्रथम सांगितले. केवळ पाय गेलेल्यांनी लैंगिक क्षमतेला पहिला क्रम दिला. चालणे दोन्ही गटांत पहिले नव्हते. संशोधनाचा अग्रक्रम ठरवताना रुग्णाला विचारावे, हे लोकशाहीचे साधे तत्त्व येथेही लागू आहे.

आता अर्थकारणाकडे वळू. बाजारात मागणी म्हणजे गरज नव्हे. मागणी म्हणजे क्रयशक्तीचे पाठबळ असलेली गरज. मानेत इजा झालेल्या माणसाचे उत्पन्न बहुधा त्याच दिवशी थांबते आणि खर्च त्याच दिवशी सुरू होतो. गरज जितकी तीव्र, तितकी क्रयशक्ती क्षीण, असा येथला विपरीत नियम आहे. शिवाय अशा रुग्णांची संख्या मर्यादित असते, प्रत्येकाला उपकरण बहुधा एकदाच लागते, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे देखभालीचा भार मात्र उत्पादकावर राहतो. भागधारकांच्या दृष्टीने हा धंदा वाईटच होय. ‘फ्रीहँड’ बनवणारी कंपनी मेरुरज्जूच्या रुग्णांना सोडून अधिक मोठ्या बाजारपेठेकडे वळली, ती काही तिचे संचालक दुष्ट होते म्हणून नव्हे. नफ्याच्या नियमाने तिने योग्य तेच केले. दोष नियमात आहे.

हा एकच अपवादात्मक प्रसंग असता, तर दुर्दैव म्हणून सोडून देता आला असता. परंतु याच कुळातील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. कॅलिफोर्नियातील ‘सेकंड साइट’ या कंपनीने दृष्टिपटलाच्या विकाराने अंध झालेल्यांसाठी ‘आर्गस २’ हे उपकरण काढले. चष्म्यावरील कॅमेऱ्यातून येणारे संकेत डोळ्यात बसवलेल्या ६० विद्युदग्रांपर्यंत जात आणि रुग्णाला प्रकाशाच्या ठिपक्यांच्या रूपाने आकृत्यांची चाहूल लागे. किंमत सुमारे दीड लाख डॉलर. २०१३ साली त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. २०२० साली कंपनी दिवाळखोरीच्या काठावर पोहोचली आणि तिने बहुतेक कर्मचाऱ्यांना काढून टाकले. जगभरात साडेतीनशेच्या वर रुग्णांच्या डोळ्यांत ते उपकरण राहिले. त्यांच्यापाशी ना दुरुस्तीची सोय राहिली, ना सुधारणेची. २०२२ साली अभियंत्यांच्या एका नियतकालिकाने या रुग्णांची स्थिती उजेडात आणली, तेव्हा कुठे जगाला कळले की माणसाच्या डोळ्याचेही मॉडेल कालबाह्य होऊ शकते.

या दोन्ही उपकरणांमागील संशोधनाला पैसा कोणी दिला? ‘फ्रीहँड’चा पाया क्लीव्हलंडच्या विद्यापीठात पेकहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला आणि त्यास अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचे व राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे साहाय्य होते. ‘आर्गस’च्या संशोधनात त्याच आरोग्य संस्थेचा आणि अमेरिकन सरकारच्या ऊर्जा खात्याचा पैसा होता. म्हणजे आरंभीची, सर्वांत अनिश्चित अशी जोखीम करदात्याने घेतली. पेटंट आणि विक्रीचा हक्क खाजगी कंपनीकडे गेला. आणि कंपनी बाजूला झाल्यावर उरलेली जोखीम रुग्णाच्या शरीरावर येऊन पडली. जोखमीचे समाजीकरण आणि लाभाचे खाजगीकरण असे जे म्हटले जाते, त्याचे याहून उघड उदाहरण शोधावे लागणार नाही.

भारताच्या संदर्भात या प्रश्नाला वेगळी धार आहे. २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी ५४ लाखांचे अपंगत्व हालचालीचे होते. येथे मेरुरज्जूच्या इजेचे मोठे कारण रस्त्यावरील अपघातांइतकेच उंचावरून पडणे हे आहे. बांधकामावरील परांचीवरून कोसळणारा मजूर, कोकणात माडावरून पडणारा पाडेली, कठडा नसलेल्या विहिरीत पडणारी शेतकरी स्त्री, डोक्यावर ओझे असताना पाय घसरणारा हमाल, ही या देशातील रुग्णांची यादी आहे. ही इजा वर्गनिरपेक्ष नाही. ज्यांच्या श्रमाला संरक्षण नाही, त्यांच्या मणक्यालाही संरक्षण नाही.

बांधकाम मजुरांसाठी संसदेने १९९६ साली कायदे करून बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेला हिशेब असा होता की, ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला आणि त्यातील सुमारे ९,५०० कोटीच मजुरांसाठी खर्च झाले. पैसा नव्हता असे नाही. पैसा मजुराच्या नावावर होता आणि मजूर खाटेवर होता. दुसरीकडे पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून जखमी सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र चालते. सैनिकाला ही शुश्रूषा मिळते हे योग्यच आहे, आणि ती त्याला भिक्षा म्हणून नव्हे तर हक्क म्हणून मिळते. देशाच्या इमारती उभारताना पडलेल्या गवंड्याला तोच हक्क का नसावा, या प्रश्नाला सरकारपाशी उत्तर नाही.

येथे चळवळीतीलच काही कार्यकर्ते एक आक्षेप घेतील, आणि तो गंभीर आहे. खेड्यापाड्यांत रुग्ण शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने मरतात. त्यांना धड गादी नाही, स्वच्छ नळी नाही, चाकाची खुर्ची नाही. अशा देशात विद्युत-उद्दीपनाची चर्चा म्हणजे श्रीमंतांच्या चैनीची चर्चा नव्हे काय? अग्रक्रमाबाबत हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे. अपघात टाळणारा कठडा आणि सुरक्षापट्टा प्रथम. व्रण टाळणारी शुश्रूषा नंतर. चाकाची खुर्ची आणि ती जाऊ शकेल असा रस्ता त्यानंतर. हा क्रम बदलता कामा नये. परंतु क्रम लावणे निराळे आणि यादीतून नाव खोडणे निराळे. गरिबाला गादी आणि श्रीमंताला हात, अशी वाटणी एकदा मान्य केली की ती कायमची होते. शिवाय या तंत्रातील बराच भाग मुळीच महाग असण्याचे कारण नाही. पाऊल उचलणाऱ्या यंत्रात बॅटरी, बटण, दोन विद्युदग्र आणि साधे विद्युत्मंडल यापलीकडे फारसे काही नसते. त्याचे तत्त्व साठ वर्षांहून जुने आहे आणि त्यावर आज कोणाची मक्तेदारी असू शकत नाही. तरीही आयात केलेल्या यंत्राची किंमत काही हजार डॉलरच्या घरात जाते. डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला, तो अशाच वस्तूंच्या बाबतीत आज सर्वाधिक सार्थ ठरतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. नफ्याची आशा नसेल तर असली उपकरणे बनवणार कोण, असे बाजारवादी विचारतात. त्याचे उत्तर या देशातच आहे. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची झडप तयार झाली आणि १९९० साली ती प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. सार्वजनिक संस्थेने संशोधन केले, उत्पादन परवान्याने खाजगी कारखान्याकडे दिले आणि आयात झडपेच्या तुलनेत फार कमी किमतीत ती रुग्णांना मिळू लागली. जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा हा कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून घडवलेला पाय पेटंटविना जगभर गेला. हृदयाच्या धमनीत बसवायच्या स्टेंटची किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने नियंत्रित केली, तेव्हा औषधी लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. त्याआधी रुग्ण त्यासाठी लाखाच्या वर मोजत होते. किंमत ही निसर्गाची देणगी नसून ती राजकीय निर्णयाने ठरते, हे त्या एका आदेशाने सिद्ध झाले.

मात्र सरकारी मालकी म्हटली की प्रश्न सुटला, अशी समजूतही भाबडी ठरेल. सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेला नमुना कपाटातच राहिल्याची उदाहरणे या देशात थोडी नाहीत. झडपेच्या यशामागे संशोधकांची चिकाटी होती, तसा वेळेवर माल देणारा कारखानाही होता. म्हणून मागणी सरसकट राष्ट्रीयीकरणाची नसून निश्चित अटींची असली पाहिजे.

पहिली अट अशी की, शरीरात कायमचे बसवायचे कोणतेही विद्युत-उपकरण विकण्याचा परवाना देताना उत्पादकाने त्याची संपूर्ण रचना, आज्ञावली आणि सुट्या भागांचा तपशील सार्वजनिक संस्थेकडे अनामत ठेवावा. कंपनी बंद पडली किंवा तिने उत्पादन सोडले, तर त्या क्षणी हे ज्ञान इतर कोणालाही वापरता आले पाहिजे. दुसरी अट, प्रत्येक उपकरणाच्या किमतीतील ठराविक हिस्सा देखभाल-निधीत जमा व्हावा आणि तो कंपनीच्या इतर कर्जदारांना कधीही हात लावता येणार नाही असा असावा. मजुराचा भविष्यनिर्वाह निधी मालकाच्या दिवाळखोरीपासून सुरक्षित ठेवता येतो, तर रुग्णाच्या हाताचा निधीही ठेवता येईल. तिसरी मागणी, कातडीवरून वापरायची साधी उद्दीपन-यंत्रे केंद्र सरकारच्या कानपूर येथील कृत्रिम अवयव निर्मिती निगमाने बनवावीत आणि ती अपंगांना मिळणाऱ्या साहाय्यक साधनांच्या यादीत यावीत. चौथी आणि सर्वांत निकडीची मागणी, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मेरुरज्जूच्या व अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी पुनर्वसन कक्ष आणि पुरेसे कायम भौतिकोपचारतज्ज्ञ असावेत. मुंबईत हाजी अली येथे अशा कामाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून आहे. परंतु गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाने मुंबई गाठावी, ही अपेक्षा व्यवस्था नव्हे. पाचवी, श्रमिकाच्या नुकसानभरपाईत एकरकमी रकमेबरोबर आयुष्यभराच्या पुनर्वसनाचा खर्च समाविष्ट व्हावा.

यांतील एकही मागणी अशक्य कोटीतील नाही. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तेव्हाही रोज मालक बदलणाऱ्या हमालाला भविष्यनिर्वाह निधी देता येणार नाही, असेच सांगण्यात येत होते. संघटना उभी राहिली आणि ते शक्य झाले. त्याच तऱ्हेने तालुक्यातालुक्यात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची नोंद करणे, त्यातील किती जण कामावर असताना पडले हे लिहून काढणे, उपकराच्या पैशाचा हिशेब मागणे आणि जिल्हा रुग्णालयातील रिकाम्या जागांचा प्रश्न लावून धरणे, हे काम पक्षाच्या शाखांना उद्यापासून हाती घेता येईल. ही नोंद हाती असल्याखेरीज विधिमंडळातील भाषणाला वजन येणार नाही.

पूर्वी समाजवाद्यांनी उत्पादनाच्या साधनांची मालकी कोणाची, असे विचारले. ते साधन तेव्हा जमीन होते, गिरणी होती, खाण होती. आता ते माणसाच्या स्नायूपर्यंत आणि मेंदूपर्यंत पोहोचले आहे. ज्या हाताने कामगाराने जन्मभर दुसऱ्यासाठी राबावे, तो हात निकामी झाल्यावर त्याला परत मिळावा, आणि परत मिळालेला हात कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून नसावा, इतकीच ही मागणी आहे. ती मान्य करून घेण्यासाठी मात्र धडधाकट हातांनी आधी संघटित व्हावे लागेल.